शिडीचा चष्मा आणि यंदाचा हंगाम

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा, म्हणजे तू अजूनही चारचौघांत ज्याला ढब्बू म्हणून हाक मारतेस त्याचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे नमस्कार उभ्यानेच केला आहे, तो साष्टांग समजून घ्यावा.) तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? जिना चढताना तो वाजतो असं तू लिहिलं होतंस. वाजतोय म्हणजे चालू आहे, वाजायचा थांबला की काळजी करावी, असं तुझी भावजय म्हणते. (तिचं वैद्यकीय ज्ञान तुला माहीत आहेच.) चिरंजीव वेळेवर कामाला जातात ना? आणि सूनबाई? टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तू तिच्या स्वयंपाकघरातले डबे तीनदा नव्याने लावलेस आणि तिसऱ्या खेपेनंतर ती आठवडाभर माहेरी जाऊन राहिली, हे तुझ्याच पत्रातून कळलं. 'वेळ जात नाही रे' असंही तू खाली लिहिलं होतंस. ते वाचून आम्हा दोघांना वाईट वाटलं, पण डबे आठवून हसूही आलं, त्याबद्दल क्षमा असावी.

आता मुद्द्याचं. माझ्या दुकानासमोरच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ बंद पडायच्या बेतात आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजची सभा आहे. संघाला शिकवणारं माणूस मिळालं नाही असं तिथे ठरलं की खेळ खलास. मी तो बंद पडू देणार नाही. माझ्यात अक्कल कमी आणि चिकाटी जास्त आहे असं तुझी भावजय लग्नापासून सांगत आली आहे, आणि या कामाला तेच प्रमाण लागतं असं माझं मत झालं आहे. हंगाम नुकताच संपला, तेव्हा त्याचा सगळा लेखाजोखा तुला कळवतो, कारण इथे ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. डोळे तपासायच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसवलं आणि ती जड चौकट त्याच्या नाकावर चढवली की त्याला पळता येत नाही, म्हणून बरेच दिवस त्यांना सांगत होतो. आता ते चौकापलीकडच्या दुकानात जातात.

तू विचारशील, तुझा काय संबंध? आपल्या घरातलं कोणी त्या कॉलेजात नाही, आणि मी आयुष्यात चेंडू धरला तो फक्त तू फेकून मारलास तेव्हा. संबंध असा, की तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कप्तानाच्या चष्म्याची दांडी तुटली. ही कप्तान म्हणजे मुंगी. (नाव माझं नाही, संघातलंच. उंचीला माझ्या खांद्याइतकी, पण एक क्षण स्वस्थ बसत नाही.) संध्याकाळी सामना होता म्हणून दांडी बसवून मीच चष्मा मैदानावर नेऊन दिला, आणि जरा टेकावं म्हणून बाकावर बसलो. त्या दिवशी त्या इतक्या हरल्या की गुण लिहिणाऱ्या बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवून हात झाडून घेतला. पण सामना संपल्यावर ही मुंगी सगळ्यांना गोळा करून म्हणाली, उद्या चार वाजता. बस, एवढंच. रडणं नाही, कारणं नाही. ताई, मी दुकानदार माणूस. गिऱ्हाईक आलं नाही तर मी दुसऱ्या दिवशी उशिरा दुकान उघडतो. मला त्या पोरीची लाज वाटली आणि तेव्हापासून मी एकही सामना चुकवलेला नाही. सामन्याच्या दिवशी दुकानावर 'डोळे तपासायला गेलो आहे' अशी पाटी लावून जातो. पाटी खोटी नाही. पंचांचे डोळे कोणीतरी तपासायलाच हवेत.

यंदाचा हंगाम म्हणशील तर आम्ही एक सामना जिंकलो. (बाकीचे किती ते विचारू नकोस, पत्र खाजगी आहे पण पोस्टमन वाचतो.) जिंकलो तोही समोरच्या संघाची बस घाटात बंद पडली म्हणून. पंचांनी घड्याळाकडे पाहून आम्हाला विजयी घोषित केलं, तेव्हा मी शिट्टी वाजवली. मुलींना मात्र न खेळता घरी जाववेना. त्यांनी आपसांतच दोन तुकड्या करून सामना खेळला, त्यामुळे विजयाच्या दिवशीही आपल्या मुली हरताना पाहायची माझी सवय काही मोडली नाही.

आता हरण्याचं कारण. लोक म्हणतात, मुलींत दम नाही. लोकांना काय कळतंय. कारण आहे ग्रंथपाल. कॉलेजात खेळाच्या शिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे, आणि वेळापत्रकात ज्याच्या नावापुढे दुपारचा चौकोन मोकळा दिसला त्याच्या गळ्यात हा संघ पडला. तो चौकोन निघाला ग्रंथपालांचा. माणूस देवासारखा, कोणाला दुखवणार नाही. त्यांनी बास्केटबॉलच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं (असं करणारा पंचांसकट तो एकमेव माणूस असावा), त्याला कव्हर घातलं, आणि मग मुलींना खेळ शिकवला तो सगळा वाचनालयाच्या शिस्तीने. वस्तू एकाने फार वेळ अडवून ठेवायची नाही, हे पहिलं सूत्र. त्यामुळे आमच्या मुली चेंडू देतात फार सुंदर, पण बास्केटकडे टाकायची वेळ आली की प्रत्येकीला वाटतं, आपण कसा ठेवून घ्यायचा? दुसरं सूत्र असं, की ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत करायचं. म्हणजे मुंगीने माणसं चुकवत जिवाच्या आकांताने चेंडू पुढे पोचवला, की पुढची मुलगी तो इमानदारीत मुंगीला परत करते. चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकला नाही तर तो दुसऱ्या संघाला मिळतो, असा या खेळात नियम आहे. आमच्या सामन्यांत पंचांचा हात त्या खुणेने इतक्यांदा वर जायचा की एकाने शेवटी खांद्याला मलम लावून घेतलं.

आणि तिसरं सूत्र म्हणजे शांतता. समोरचा संघ 'इकडे दे, मागे बघ, धर तिला' असा गलका करत खेळतो, आणि आमच्या पाचजणी बोटांच्या खुणा करतात. पाठीमागून कोणी येत असेल तर सांगायचं कसं? एखादी तर हळूच जवळ जाऊन कानात सांगते, तोवर चेंडू पलीकडे पोचलेला असतो. बाकावरून मी एकदा ओरडलो तर ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. ताई, मी बसलो गं गप्प. त्या नजरेसमोर मंत्रीसुद्धा गप्प बसेल.

तरीही आमचे जे काही गुण व्हायचे ते एकटीच्या जिवावर. तिचं नाव शिडी. दारातून वाकून येते. तिला चेंडू परत करायचं भानच नसायचं. हातात आला की उडवला, आणि दहांतले चार-पाच आत. मी दोन वर्षं तिच्यावर खूश होतो. यंदा मात्र माझ्यातला चष्मेवाला जागा झाला. माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी डोळे बारीक करून बास्केटमागच्या फळ्याकडे बघते. गुणफलकावरचे समोरच्यांचे गुण आपले समजून खूश होते. एकदा मैदानाबाहेर तिने खांबाला वाट द्या म्हणून सांगितलं. मी तिला दुकानात बोलावलं, खुर्चीत बसवलं, आणि भिंतीवरचं सगळ्यांत मोठं अक्षर वाचायला सांगितलं. ती म्हणाली, कुठली भिंत?

नंबर निघाला तो मी इथे लिहीत नाही, तू घाबरशील. इतकी वर्षं ही मुलगी खेळत होती ती वर एक पांढरा ढग दिसतो, त्याच्या जरा खाली टाकायचं, एवढ्या माहितीवर. मी तीन दिवस खपून तिच्यासाठी न फुटणाऱ्या काचांचा, डोक्यामागून पट्टा असलेला चष्मा केला. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही. तुझ्या भावजयीला म्हणालो, आता बघ, आंधळी असताना चार जायचे, डोळस झाल्यावर दहाच्या दहा जातील. तिने विचारलं, तुम्हाला ठेवलंय का कोणी तिथे कामाला? मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या सामन्यात शिडी चष्मा लावून उतरली. चेंडू हातात आला. तिने वर पाहिलं, आणि ती थांबली. नुसती उभी. इतकी उभी राहिली की समोरच्या पोरीने येऊन तिच्या हातातून चेंडू अलगद काढून घेतला, जशी आई झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घेते. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तेच. त्या दिवशी शिडीचा एकही गुण नाही. सामना संपल्यावर माझ्याजवळ आली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, ती कडी केवढी लहान आहे हो."

तिला पहिल्यांदाच सगळं दिसलं होतं. बास्केटची कडी दिसली, कडीपर्यंतचं अंतर दिसलं, अंगावर येणारी समोरची धिप्पाड पोरगी आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग दिसला, प्रेक्षकांचे रिकामे बाकसुद्धा दिसले. (प्रेक्षक म्हणजे मी, तुझी भावजय आणि हॉलला कुलूप लावायला थांबलेला शिपाई. मग ती इतके दिवस हात हलवायची ते कोणाला, हे आता मला विचारवत नाही.) तेव्हापासून सामन्यांमागून सामने शिडी कोरडी. घरी मला बोलणी बसली. संघात एक मुलगी धड होती, तिलाही तुम्ही बरं करून ठेवलंत, असं तुझी भावजय शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. मी तिला सांगितलं आणि तुलाही सांगतो, मला यात चूक मान्य नाही. चष्मेवाल्याने गुणांसाठी कोणाला आंधळं ठेवायचं नसतं. तरीपण मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मीच शिडीला गाठून सांगितलं, की सामन्यापुरता चष्मा काढून खेळलीस तरी चालेल, मला राग येणार नाही. ती म्हणाली, आता एकदा दिसलंय, न दिसल्यासारखं कसं करू? आणि चेंडू घेऊन गेली.

मग तिने काय केलं ते ऐक. रोज तास संपले की हॉलमध्ये एकटी. आधी कडीच्या अगदी खाली उभी राहून टाकायची, मग एक पाऊल मागे, मग आणखी एक. चुकला की स्वतःच धावत जाऊन आणायची. मुंगी मग तिच्या मदतीला राहू लागली, मग बाकीच्याही. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवत नव्हतं. ग्रंथपाल कडेला खुर्ची टाकून नियमांचं पुस्तक उघडून बसायचे, पण त्यात कसं टाकायचं ते लिहिलेलं नाही. मी दुकान बंद करून जायचो आणि 'जरा उजवीकडे' एवढंच म्हणायचो, कारण मला दुसरं काही येत नाही. शेवटच्या सामन्यात आम्ही भरपूर मागे होतो. संपायला थोडा वेळ होता. शिडीकडे चेंडू आला. तिने वर पाहिलं. मला वाटलं, थांबणार. ती थांबली नाही. चेंडू कडीला लागला, वर उडाला आणि आत पडला. एक बास्केट, ताई. हरलो ते हरलोच. पण हा तिने बघून टाकलेला पहिला. मी रडलो. तुझी भावजय म्हणते मी मोठ्याने रडलो. असेनही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सूचनांच्या फळ्यावर सूचना लागली, की शिकवणारं कोणी नसल्यामुळे पुढील वर्षी संघ स्थगित ठेवण्याचा विचार आहे. ग्रंथपालांनी आपण होऊन काम सोडलं होतं. मला भेटून म्हणाले, मी यांना वाचून दाखवू शकतो, शिकवू शकत नाही, आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. बोलताना त्यांनी ते कव्हर घातलेलं नियमांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, त्यामुळे मला त्यांच्यावर रागावताही येईना. मी तसाच उठून प्राचार्यांकडे गेलो आणि सांगितलं, कोणी नसेल तर मी शिकवतो. त्यांनी विचारलं, चेंडू हातात धरला आहे का कधी? कोपऱ्यात एक पडला होता, तो उचलून मी तिथल्या तिथे आपटून दाखवला. चेंडू परत माझ्या हातात यायच्या ऐवजी त्यांच्या करंडकांच्या कपाटाकडे गेला. सुदैवाने त्यात फुटण्यासारखं काही नव्हतं. प्राचार्य माणूस सभ्य. मला पाणी दिलं, आणि विचारलं, की हा संघ हरण्यापलीकडे करतो काय? त्यासाठी इतकी धडपड कशाला? मी म्हणालो, "साहेब, हरायलासुद्धा संघ लागतो." त्यावर त्यांनी उठून तो चेंडू उचलला आणि परत कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, खरोखर खेळलेलं माणूस आणा, सभेआधी आणा, मी अडवणार नाही.

तेव्हापासून मी शोधतोय. व्यायामशाळेतल्या एकाला धरून आणलं, त्याने मुलींना सोडून आरशाला शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपण फार खेळलो असल्याचं सांगितलं, चौकशी केली तर ते बुद्धिबळ निघालं. पण मी खचलेलो नाही. मुलीही खचलेल्या नाहीत. सूचना लागली त्या संध्याकाळीही हॉलमधून चेंडूचा आवाज येत होता. तर हा असा हंगाम. थोडक्यात सांगायचं तर संघ उत्तम आहे, फक्त जिंकत नाही.

असो. तुझं डोकं फार खाल्लं. गुडघा जपावा, डबे आहेत तिथे राहू द्यावेत, सूनबाईंना आशीर्वाद, चिरंजीवांना विचारलं म्हणून सांगावं. मोठ्यांच्या नमस्कारात तुझाच तेवढा उरला आहे, तो पायांवर डोकं ठेवून.

तुझा,
ढब्बू

ता. क. : लिहायचं राहिलंच. कॉलेजात असताना तू बास्केटबॉल खेळायचीस ना? असं परवा सहज आठवलं. सहजच प्राचार्यांनाही सांगितलं. तुझा तो हातात चेंडू असलेला फोटोही सहज दाखवला. त्यांनी वय विचारलं, तेव्हा फोटो जरा जुना आहे एवढंच मी म्हणालो. मागची खोली रंगवून झाली आहे. तुझी खाट खिडकीशी लावली आहे, उजेड डाव्या हाताला येईल.

दुसरा ता. क. : तू काय काय म्हणशील ते मला पाठ आहे. गुडघा म्हणशील, तर शिकवणाऱ्याने पळायचं नसतं, ओरडायचं असतं, आणि तू टेलिफोनवर बोलायचीस तेव्हा टेलिफोनची गरज नव्हती असं तुझे साहेबच म्हणायचे. विसरले म्हणशील, तर तेही खोटं. तुझ्या कॉलेजचा संघ असाच 'एका वर्षापुरता' बंद केला होता. मी तेव्हा शाळेत होतो. तू वर्षभर दर सोमवारी बूट पुसून पिशवीत घालायचीस, कॉलेजात जाऊन फळा बघायचीस, आणि संध्याकाळी पिशवी तशीच परत आणायचीस. घरात कोणी काही विचारलं नाही, तूही बोलली नाहीस. पुढच्या वर्षी तू पिशवी नेणं बंद केलंस. ताई, त्या वर्षी तुमच्यासाठी कोणी कोणाला पत्र लिहिलं नाही. यांच्यासाठी मी लिहितोय. ये.

तिसरा ता. क., वेगळ्या अक्षरात :

वन्सं, सादर नमस्कार. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून यांच्या नकळत चार ओळी लिहिते. हे स्वतःला संघाचे एकटे पाठीराखे समजतात, पण ओरडते मी. ग्रंथपालांनी बोट ओठांवर ठेवलं ते माझ्याकडे बघून, हे मध्ये बसले होते इतकंच. पुढच्या वर्षी संघ जिंकेल असं यांना वाटतं, तसं काही होणार नाही. पोरी अजून चेंडू परत करतात. तुम्ही आलात तरी वर्ष-दोन वर्षं हरतील, ते आधीच सांगते, म्हणजे मागून मला बोल नको. डबे लावायची हौस असेल तर माझं स्वयंपाकघर मोकळं आहे, मी माहेरी जाणार नाही.

आणखी एक. यांनी तुमच्याबद्दल पोरींनाही सांगून ठेवलंय, तेव्हापासून ती उंच मुलगी रोज दुकानात डोकावते आणि विचारते, तुमच्या ताई आल्या का? हे नुसते काचा पुसत बसतात. काल मला राहवलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येताहेत, असं मी तिला सांगून बसले आहे. सगळ्याजणी स्टेशनवर येणार आहेत.